निघालंय, पोचू दे

माझ्या पोटापाण्याचा आजचा धंदा मला एका सात वर्षांच्या मुलीने लावून दिला. ती आता अकराची आहे. तिचं नाव या लेखात येणार नाही, कारण ते घालायचं नाही अशी तिची अट आहे. तिच्या आईवडिलांना मी दादा-वहिनी म्हणतो आणि ती मला काका म्हणते. म्हणते म्हणजे डोळ्यांनी म्हणते. ते कसं, ते पुढे येईल.

२०२१ च्या सप्टेंबरात मी कॅनडातल्या लंडनला आलो. हे ऑन्टारिओ प्रांतातलं लंडन. इथल्या नदीचं नावही थेम्सच असल्यामुळे गावाकडे निम्म्या लोकांना मी अजून राणीच्या गावात राहतो असंच वाटतं. मी वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्याचा मुलगा. जवळ मेकॅनिकलची पदवी होती आणि सोसायटीचं कर्ज फिटलं नसताना अण्णांनी माझ्यासाठी बँकेचं आणखी एक काढलेलं. फॅनशॉ कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं, मग वर्क परमिट, मग पीआर, असा सगळ्यांचा असतो तोच माझा बेत. राहायला जागा मिळेना. ओळखीतून ओळख निघत शेवटी एका नाशिककर कुटुंबाच्या बेसमेंटमधली खोली मिळाली. भाडं ऐकून माझा चेहरा पडला असावा, कारण वहिनींनीच तोड काढली. त्या औषधांच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला जायच्या, दादा विमा कंपनीतून उशिरा यायचे. मधला वेळ त्यांच्या लेकीजवळ बसायचं आणि भाडं निम्मं द्यायचं. आधी काही आठवडे वहिनी स्वतः घरात असताना मला बसवून बघणार होत्या. "भरवायचं नाही, उचलायचं नाही, ते मी उरकून जाईन," त्या म्हणाल्या. "तू नुसतं तिच्याशी बोल."

बोलायला काय लागतं, असं मला वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, "शाळेत काय केलं आज?" तिची मान एका बाजूला वळली, त्या बाजूचा हात ताठ झाला, दुसरा कोपरात दुमडला, तोंड उघडलं, पाय खुर्चीच्या पट्ट्यांत ताणले गेले. फिट आली असं समजून मी वहिनींना हाक मारली. त्या स्वयंपाकघराच्या दारातून बघतच होत्या. "काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "उत्तर द्यायला निघालीय ती." मी पुन्हा विचारलं, यावेळी जरा मोठ्याने. मग आणखी सोपं करून विचारलं. तेव्हा मात्र वहिनी बाहेर आल्या. "सारखं विचारू नकोस रे. तू परत विचारलंस की तिला परत पहिल्यापासून निघावं लागतं. एकदा विचार आणि गप्प बस. निघालंय, पोचू दे."

तिच्या खुर्चीच्या उजव्या हाताला हिरवी फीत बांधलेली होती, डाव्या हाताला लाल. हिरवीकडे बघितलं तर हो, लालकडे बघितलं तर नाही. तिची मान सावरून नजर तिथपर्यंत जायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ समोर काही न बोलता बसणं मला जमायचं नाही. आमच्या घरात, शाळेत, कॉलेजात, ज्याचं उत्तर आधी येईल तो हुशार. गप्प राहिलेला मुलगा म्हणजे अभ्यास न केलेला. मी स्वतः वर्गात पहिला हात वर करणाऱ्यांपैकी होतो. त्या खुर्चीसमोर बसल्यावर ही सगळी हुशारी बिनकामाची ठरली.

तिला जे आहे ते सेरेब्रल पाल्सी, आणि त्यातला तिचा प्रकार डिस्कायनेटिक. आपल्याकडे सेरेब्रल पाल्सी म्हटलं की ताठरलेले किंवा लुळे पाय डोळ्यांसमोर येतात. हिच्या बाबतीत हालचाल कमी नाही, जास्त आहे. मनात एक हालचाल असते आणि अंग भलत्याच चार करतं. जितका प्रयत्न मोठा, जितका आनंद किंवा राग मोठा, तितकं अंग अधिक पिळवटतं. झोप लागली की सगळं थांबतं. जवळ जायचं तर समोरून जायचं, बाजूने हाक मारायची नाही, कारण मान वळली की हात आपोआप ताणला जातो, हे मला वहिनींनी शिकवलं. दारावरची बेल वाजली तरी ती दचकते, म्हणून त्या घराची बेल काढून टाकलेली आहे.

हे सगळं काविळीने झालं. जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसणं आपल्याकडे कुणाला नवं नाही. तांबड्या पेशी फुटून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते पुरतं बाहेर टाकता येत नाही. बहुतेकांचं आपोआप उतरतं. फार वाढलं तर मात्र ते मेंदूत शिरतं आणि आत खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांत जाऊन बसतं. विचार करणारा भाग पुष्कळदा शाबूत राहतो. कान पुष्कळदा जातात. तिचे बचावले. 'कोवळं ऊन दाखवा' हा आपल्याकडचा सल्ला अगदीच खोटा नाही. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इस्पितळात जीन वॉर्ड नावाच्या नर्सबाई बाळांना उन्हात नेत आणि त्यांचा पिवळेपणा कमी झालेला त्यांच्या नजरेत भरला. आजचा निळ्या दिव्याचा उपचार त्या निरीक्षणातून निघाला. पण कावीळ चढत गेली तर अंगणातलं ऊन पुरत नाही. दिवा लागतो, कधी बाळाचं रक्त बदलावं लागतं, आणि तेही काही तासांच्या आत. तिच्या वेळी ते तास निघून गेले. वहिनींनी हे मला एकदाच सांगितलं, कुणाचंही नाव न घेता.

ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझा आत्येभाऊ आला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तोही असाच हातपाय वळवायचा, त्याचीही मान ठरायची नाही. देवऋषी झाले, मिरजेचे डॉक्टर झाले, मग सगळे दमले. सकाळी त्याला ओसरीवर आणून भिंतीला टेकवायचं, संध्याकाळी आत न्यायचं. आत्याने त्याला कधी उपाशी ठेवलं नाही की अस्वच्छ ठेवलं नाही, हे सांगायला हवं. पण त्याच्याबद्दल सगळं त्याच्यासमोरच बोललं जायचं, त्याच्या मरणाबद्दलसुद्धा. सुट्टीत गेलो की मी त्याच्या पायांवरून उडी मारून अंगणात पळायचो. त्याला मी कधीही, काहीही विचारलेलं नव्हतं. त्याच्याकडून उत्तर येऊ शकतं, हेच मला माहीत नव्हतं.

वहिनींना तरी हे आधीपासून कुठे माहीत होतं? नाशिकला असताना त्यांच्या हाती मालिनी चिब यांचं 'वन लिटल फिंगर' आलं. मालिनी स्वतः सेरेब्रल पाल्सीच्या. त्यांच्यासाठी शाळा सापडेना, म्हणून त्यांच्या आई डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली आणि कुलाब्यात पहिली शाळा सुरू झाली. मालिनींनी पुढे ते पुस्तक एका बोटाने टाइप करून लिहिलं. वहिनी म्हणतात की पुस्तक मिटल्यावर त्यांनी लेकीला पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघितली. तेव्हा ती चार वर्षांची होती. म्हणजे वाट बघणं त्यांनाही कुणाकडून तरी मिळालेलं होतं, आणि त्यांनी ते मला अर्ध्या भाड्यात दिलं.

कॅनडाला यायचं ठरलं तेव्हा दादांना एका सल्लागाराने तोंडावर सांगितलं होतं की मुलीमुळे सगळ्यांचा अर्ज अडेल. तो अगदी खोटं बोलत नव्हता. इथल्या कायद्यात, घरातल्या एकाच्या आजारपणाचा सरकारवर फार बोजा पडेल असं ठरलं तर आख्ख्या कुटुंबाला नकार देता येतो, आणि २०१८ पर्यंत त्या बोज्यात खास शिक्षणाचा खर्चही धरला जायचा. त्या वर्षी नियम सैल झाला. खर्चाची मर्यादा सरासरीच्या तिप्पट झाली आणि खास शिक्षण हिशेबातून वगळलं गेलं. दादांनी त्यानंतर अर्ज केला. मी ज्या खोलीत राहिलो ती खोली त्या बदललेल्या कलमामुळे तिथे होती, असं मला कधी कधी वाटतं.

पहिल्या हिवाळ्यात माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ह्यूरॉन सरोवरावरून येणारं बर्फ दिवसदिवस पडायचं, बाहेर जाता यायचं नाही, आणि मी यूट्यूबवर व्यायाम शोधत बसायचो. हिला उभी करायची, चार पावलं चालवायची, हे माझ्या डोक्यात बसलं. वहिनींना मी रोज नवा व्हिडिओ पाठवायचो. एक दिवस त्यांनी फाइलमधून एक आलेख काढून माझ्यापुढे ठेवला. शेजारच्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तिथल्या पीटर रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी ऑन्टारिओतल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या १९ केंद्रांमधली ६५७ मुलं निवडली, चार वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली आणि २००२ मध्ये हे आलेख छापले. उठणं, बसणं, चालणं यांवरून मुलांच्या पाच पायऱ्या केलेल्या आहेत, प्रत्येक पायरीची वेगळी रेघ. चौथ्या पायरीवरच्या मुलांची रेघ जेवढी चढायची त्याच्या ९० टक्के साधारण साडेतीन वर्षांच्या वयापर्यंत चढून झालेली असते. पुढे जवळपास सपाट. ही चौथ्या पायरीवरची आणि सात वर्षांची.

"म्हणजे आता पुढे काहीच होणार नाही?" मी विचारलं.

"हा आलेख उठण्या-बसण्याचा आहे," वहिनी म्हणाल्या. "बाकीच्याचा कुणी काढलेला नाही. ते बाकीचं बघायलाच तर तुला बसवलंय."

सांधे आखडू नयेत, कंबरेचं हाड सरकू नये म्हणून ताणण्याचे व्यायाम चालूच राहिले. माझे व्हिडिओ बंद झाले.

बाकीचं म्हणजे काय, ते मला आजींमुळे कळलं. आजी म्हणजे वहिनींच्या आई. दर वर्षी काही महिने नाशिकहून येत. वृत्ती अशी की कुठे काही उपाय असेल तर तो आपल्यालाच कसा माहीत नाही. लंडनमध्ये डॉ. मंदार जोग हालचालींच्या विकारांचे मोठे तज्ज्ञ आहेत हे त्यांनी नाशिकमध्ये बसून शोधून काढलं होतं. ते मुख्यतः मोठ्या माणसांच्या कंपवातावर काम करतात असं दादांनी सांगितलं, तरी "आपला माणूस आहे, विचारायला काय जातं" हे त्यांचं चालूच असे. तर या आजी नात शाळेतून आली की तिच्यासमोर अंकलिपी उघडून बसायच्या. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, म्हणायचं, पान उलटायचं. शाळेत तिला इंग्रजी आणि चित्रांचा टॅबलेट होता. घरातली ही मराठी म्हणजे आजींचा विरंगुळा, असंच आम्ही सगळे धरून होतो.

शाळेतल्या टॅबलेटमागची गोष्ट मी मागाहून वाचली, आणि ती इथलीच निघाली. चार्ल्स ब्लिस नावाचा एक ज्यू रसायनतज्ज्ञ हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून शांघायला पोचला, तिथे चिनी लिपी बघून त्याने जगातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी चिन्हलिपी रचायला घेतली. माणसं एकमेकांचं नीट समजून घेतील तर युद्धं होणार नाहीत, हा त्याचा विश्वास. जगाने ती उचलली नाही. १९७१ मध्ये टोरांटोच्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन यांनी ती न बोलणाऱ्या मुलांसमोर ठेवली, आणि मुलं चिन्हांकडे बोट करून वाक्यं करू लागली. ब्लिस आधी आनंदला, मग आपल्या लिपीत बदल करतात म्हणून त्यांच्याशीच कोर्टात भांडला. मला तो माणूस त्या भांडणासकट आवडतो.

हे वाचल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून अॅक्रिलिकची एक फळी आणली. मधोमध चौकोनी भोक पाडलं. फळी आमच्या दोघांच्या मध्ये धरायची, ती कुठे बघते ते पलीकडून मी बघायचं. इंग्रजीची अशी फळी शाळेत होती. तिच्यावर सव्वीस अक्षरांचे कसेतरी गट पाडलेले असतात. मराठीसाठी बसलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या वर्णमालेत हे काम कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलंय. पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. पहिल्या नजरेत वर्ग, दुसऱ्या नजरेत त्यातलं अक्षर. दोन नजरांत त्या पंचविसांतलं कोणतंही व्यंजन. य-र-ल-व आणि उरलेली मंडळी मागच्या बाजूला. पाटीवर असतात तसा क-वर्ग आणि च-वर्ग वर, ट आणि त मध्ये, प खाली, अशी मांडणी करून मी अभिमानाने तिच्यासमोर बसलो. "क कुठे आहे दाखव." ती दाखवेना. "बरं, च?" तेही नाही. मी थांबायला शिकलो होतो, त्यामुळे बराच वेळ थांबलो. अंग पिळवटलं, घाम आला, नजर फळीच्या मध्यावर येऊन अडली. तिला अक्षरं येत नाहीत, असा निकाल मी मनात देऊन टाकला. आजी परत गेल्या होत्या, हे त्यांना कसं सांगायचं याचीच मला काळजी.

थेम्स व्हॅली चिल्ड्रन्स सेंटरमध्ये तिची नेहमीची तपासणी होती, तिथे वहिनींनी ती फळी नेली. थेरपिस्ट बाईंनी ती हातात घेतली, मग बाजूला ठेवली आणि एक लहान खेळणं तिच्या डोळ्यांपुढे धरून हळूहळू वर नेलं. नजर मध्यापर्यंत आली आणि थांबली. खाली नेलं, नीट गेली. डावीउजवीकडे नेलं, गेली. या काविळीत डोळे वर नेणारी यंत्रणाही पुष्कळदा दुखावते, त्यांनी सांगितलं. मी तिला जिथे बघायला सांगत होतो तिथे तिचे डोळे जाऊच शकत नव्हते.

फळी नव्याने आखली. सगळं नजरेच्या पातळीला किंवा खाली. त्या संध्याकाळी मी तिला क विचारला, ख विचारला, म विचारला. सगळी बरोबर. मग मी थांबेना. आजींना नाशिकला व्हिडिओ लावला आणि त्यांच्यासमोर एकेक अक्षर विचारत सुटलो. थोड्या वेळाने मी विचारलेलं अक्षर सोडून ती भलतीकडेच बघू लागली. प. मग मागच्या बाजूचं र. काना-मात्रांची सोय मी केलेलीच नव्हती. "पर? पार? पोर?" लाल फीत, लाल फीत, लाल फीत. "पुरी खायची का?" तेवढ्यात फोनमधून आजी ओरडल्या, "अरे पुरे म्हणतेय ती! केव्हाचा नाचवतोयस तिला!"

तिची नजर हिरव्या फितीवर गेली.

पुढे मात्रांसाठी एक पट्टी जोडली. जोडाक्षरं आम्ही सोडूनच दिली. 'पट्टा टोचतो' हे तिने 'पटा टोचतो' असं सांगितलं, तेव्हा कळलं की खुर्चीचा डावा पट्टा तिच्या मांडीत रुतत होता. किती दिवस, विचारल्यावर तिने 'उनहाळा' असं लिहिलं. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्या उन्हाळ्यात ती चिडचिड करते म्हणून औषधाचा डोस वाढवायचा विचार चालला होता. एका शब्दाने तो बदलला. त्या दिवशी आपल्याला आयुष्यात काय करायचं ते माझं ठरलं असं म्हणणं फार झालं, पण प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या वर्गात बसल्यावर माझं लक्ष लागेनासं झालं, एवढं खरं.

फॅनशॉमध्येच ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या मदतनिसाचा दोन वर्षांचा डिप्लोमा होता. हातातला कोर्स पुरा करून मी त्याला अर्ज केला. पैसे पुन्हा लागणार होते. अण्णांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "इंजिनेर हुन लोकांच्या पोरांचं हातपाय चोळणार व्हय रं तू?" मला वाईट वाटलं, पण त्यांच्या प्रश्नात चूक नव्हती. कर्ज त्यांच्या नावावर होतं. दादांनी तेव्हा माझं उरलेलं निम्मं भाडंही घेणं बंद केलं. मी नोकरीला लागल्यावर ते सगळे पैसे एकत्र करून द्यायला गेलो तर वहिनींनी घेतले, आणि त्यातून तिच्या खोलीच्या दाराची चौकट रुंद करून घेतली. न घेण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला नाही, याचं मला फार बरं वाटलं.

डिप्लोमात शिकवलेलं पुष्कळसं मला त्या घरात आधी भेटलेलं होतं. रोझेनबॉम यांनी पुढे, २०१२ मध्ये, यान विलेम गोर्टर यांच्याबरोबर एक लेख लिहिला. मुलाचं काय बिघडलंय हेच बघत बसू नका, सहा गोष्टी बघा, असा त्याचा आशय: त्याला काय करता येतं, घर, तब्येत, मजा, मित्र आणि पुढचं आयुष्य. वर्गात तो वाचताना मला वाटलं, ज्यांनी तो सपाट आलेख काढला त्यांनीच हेही लिहिलंय. आणि वहिनींनी मला त्या हिवाळ्यात हेच सांगितलं होतं.

या सहांतलं मजा आणि मित्र ती स्वतःच बघते. नऊ वर्षांची असताना तिला मोटारची खुर्ची मिळाली. ऑन्टारिओ सरकारची योजना अशा खुर्चीचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च उचलते, उरलेल्यासाठी दादांना धावाधाव करावी लागली. हात ऐकत नाहीत, म्हणून ती खुर्ची डोक्यामागच्या बटणांनी चालते. मान डावीकडे टेकली की डावीकडे. सुरुवातीला घरातल्या एकाही भिंतीचा रंग शिल्लक राहिला नाही. आर्वा गावाजवळ सारी थेरप्युटिक रायडिंग नावाची संस्था आहे, तिथे ती घोड्यावर बसते. दोघं दोन्ही बाजूंनी धरून चालतात. घोड्याच्या चालीने माणसाच्या कमरेला चालण्याचा झोका मिळतो, हे शास्त्र. ती जाते ते घोड्यासाठी. शाळेत तिच्या दोन मैत्रिणी आहेत, त्या तिघींचं लंडन नाइट्स या हॉकी संघावर प्रेम आहे. २०२५ मध्ये नाइट्सनी मेमोरियल कप जिंकला तेव्हा आनंदाने तिचं अंग असं काही उसळलं की शेजारच्या बाईंनी अॅम्ब्युलन्स बोलवू का म्हणून विचारलं.

मी आता अशाच मुलांमध्ये काम करतो. थेरपिस्ट सांगतात तसं हातपाय ताणून देतो, पट्ट्या बसवतो, फळ्या बनवतो. काम मदतनिसाचं आहे. नव्या पालकांना घाई असते, ते माझ्यासारखंच पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांना मी वहिनींचं वाक्य इंग्रजीत सांगायचा प्रयत्न करतो. ते तितकंसं जमत नाही.

गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा आत्याकडे गेलो. सोबत देवनागरीची एक फळी नेली होती. ती निरुपयोगी होती. आत्येभाऊ शाळेत कधी गेलाच नव्हता, त्याला अक्षर कुठून येणार? मी ती पिशवीतून काढलीही नाही. त्याच्यासमोर खाली बसलो. आत्याच्या एका लाल आणि एका हिरव्या बांगडीचं काम सांगितलं, ते त्याला किती कळलं ते कळेना. मग विचारलं, "तुला इथं ओसरीवर बसायला आवडतं का?" आत्या म्हणाली, "त्येला काय कळतंय." मी थांबलो. आत्याने चहा आणला, तो निवला. त्याची मान फिरत राहिली, हात ताणला, सैल झाला, आणि नजर लाल बांगडीवर गेली. योगायोग असेल म्हणून जरा वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा लाल. "आत बसायचंय?" लाल. "मागं, गोठ्याकडं?" हिरवी. पंचवीस वर्षं तो रस्त्याकडे तोंड करून बसलेला होता. आता आत्या त्याला दुपारी गोठ्याकडे नेते. त्याच्या आयुष्यात याहून फार काही बदललेलं नाही. त्याला शिकवायला जवळपास कुणी नाही, मी इतक्या लांब, आणि आत्या थकली आहे. व्हिडिओवर दर रविवारी मी त्याला काहीतरी विचारतो. आताशा अण्णा फोन धरतात, आणि मी दुसऱ्यांदा विचारायला लागलो तर तेच मला गप्प करतात.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो तिला वाचून दाखवला. तिच्या दोन हरकती निघाल्या. लेखात एक प्रसंग होता. तिची खुर्ची बर्फात रुतली, मी ढकलत होतो आणि ती रडत होती. तिने फळीवर सांगितलं, 'हसत होते'. हसणं आणि रडणं तिच्या चेहऱ्यावर सारखंच दिसतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ असायला हवं होतं. तो प्रसंग काढून टाकला. दुसरी हरकत 'पुरे'बद्दल. तो तिचा पहिला शब्द नव्हता, असं ती म्हणते. पहिला त्याच्या आधीच, जुन्या फळीवर सांगून झाला होता, मला तो कळला नाही, बस. मी विचारलं, "मग कोणता होता तो?" आणि गप्प राहिलो. तिने सावकाश तीन अक्षरं दाखवली: नं, त, र. मग मान टेकवून खुर्ची वळवली आणि टीव्हीकडे गेली, नाइट्सची मॅच सुरू झाली होती.